श्रेष्ठ क्वार्टरबॅक कोणता? दोन खेळाडू आणि एक मोजपट्टी

१/ २ जानेवारी १९९६. अ‍ॅरिझोनातील टेंपी येथे फिएस्टा बोलचा सामना. अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलच्या राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी नेब्रास्का आणि फ्लोरिडा ही दोन अपराजित विद्यापीठे समोरासमोर होती. एका बाजूला क्वार्टरबॅक टॉमी फ्रेझियर, दुसऱ्या बाजूला डॅनी वर्फल. दोघांतील श्रेष्ठ कोण, हा प्रश्न सोपा भासतो. तो सोपा नाही.

२/ क्वार्टरबॅक हा आक्रमणाचा सूत्रधार. जवळपास प्रत्येक चालीत चेंडू आधी त्याच्या हाती येतो. तो फेकायचा, सहकाऱ्याकडे सोपवायचा की स्वतःच घेऊन धावायचे, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावे लागते. तेही धिप्पाड बचावपटू अंगावर धावून येत असताना.

३/ या कामगिरीला आकड्यांत बसवण्यासाठी एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने १९७९ मध्ये एक सूत्र स्वीकारले. त्यात चार गोष्टी मोजल्या जातात: दर फेकीमागे मिळालेले यार्ड, सहकाऱ्याने झेललेल्या फेकींचे प्रमाण, फेकींतून झालेले टचडाउन आणि प्रतिपक्षाने हिरावलेल्या फेकी. धावण्याला त्यात स्थानच नाही.

४/ सूत्राचा पायाही विशिष्ट काळाचा आहे. १९६५ ते १९७८ या १४ वर्षांची सरासरी म्हणजे १०० गुण, असे ठरवण्यात आले. त्या काळी शंभरांपैकी सुमारे ४७ फेकीच झेलल्या जात. पुढे फेकीचा खेळ बहरला, नियम आणि डावपेच बदलले; मोजपट्टी मात्र तीच राहिली. म्हणून दोन पिढ्यांचे गुण शेजारी मांडून निकाल देणे धोक्याचे ठरते.

५/ १९९५ च्या हंगामात वर्फलचे गुण होते १७८.४, तोवरचा उच्चांक. त्याचे प्रशिक्षक स्टीव्ह स्पर्रियर स्वतः नावाजलेले क्वार्टरबॅक होते आणि त्यांचे आक्रमण फेकीभोवतीच रचलेले होते. वर्फलची गुणवत्ता आणि मोजपट्टी यांचा मेळ येथे उत्तम जुळला.

६/ नेब्रास्काचे प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न यांचे आक्रमण 'ऑप्शन' पद्धतीचे. त्यात क्वार्टरबॅक धावता धावता एका बचावपटूची हालचाल वाचतो आणि त्यावरून चेंडू स्वतःजवळ ठेवायचा की बाजूला धावणाऱ्या सहकाऱ्याकडे टाकायचा, हे ठरवतो. ही बुद्धी सूत्राला दिसतच नाही.

७/ त्या रात्री फ्रेझियरने फेकींतून मिळवले अवघे १०५ यार्ड. धावून मिळवले १९९. त्यांतील ७५ यार्डांची एकच धाव, अंगाला झोंबणारे बचावपटू झटकत पूर्ण केलेली, आजही सांगितली जाते. नेब्रास्काने सामना ६२-२४ असा जिंकला.

८/ तरीही एवढ्यावरून फ्रेझियर श्रेष्ठ ठरतो का? विजय एकट्याचा नसतो. नेब्रास्काच्या बचावफळीने वर्फलला वारंवार जमिनीवर लोळवले. त्याचे श्रेय फ्रेझियरचे नव्हे. पुढच्याच हंगामात वर्फलने हाइझमन हा सर्वोच्च वैयक्तिक सन्मान मिळवला आणि फ्लोरिडाला अजिंक्यपदही मिळवून दिले.

९/ या प्रश्नाची एक बाजू अधिक अस्वस्थ करणारी आहे. हाइझमन पुरस्कार १९३५ पासून दिला जातो. तो मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक, आंद्रे वेअर, उगवला थेट १९८९ मध्ये. कृष्णवर्णीय मुलाला चपळ म्हणून वाखाणायचे आणि 'निर्णयाची जागा याची नव्हे' असे म्हणून दुसऱ्या जागी खेळवायचे, ही दीर्घकाळची रीत होती.

१०/ वॉशिंग्टन विद्यापीठाचा वॉरन मून १९७८ च्या रोझ बोलमध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच वर्षीच्या निवडप्रक्रियेत एनएफएलच्या एकाही संघाने त्याला निवडले नाही. क्वार्टरबॅक म्हणूनच खेळायचे, या निश्चयाने तो कॅनडाला गेला आणि एडमंटनच्या संघासह सलग पाच ग्रे कप जिंकला. २००६ मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला स्थान मिळाले. मून बदलला नव्हता. पाहणाऱ्यांची नजर उशिरा बदलली.

११/ सोपवलेल्या पद्धतीतून, दबावाखाली, अधिकाधिक योग्य निर्णय काढणारा तो श्रेष्ठ क्वार्टरबॅक, एवढे म्हणता येते. पण तुलनेआधी तीन गोष्टी विचाराव्या लागतात. त्याच्याकडून नेमके काय अपेक्षित होते? मोजपट्टी कोणत्या काळाची आहे? आणि ज्यांना त्या जागी उभेच राहू दिले नाही, त्यांची नोंद कोठे आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही गुणतक्त्यात सापडत नाही.