आईचा पहिला विमानप्रवास

आमच्या नंदुरबारला विमानतळ नाही. जवळचा म्हणजे सुरतचा, रेल्वेने सुमारे दीडशे किलोमीटर. ताईकडे बंगळुरूला निघालेली आई पहिल्यांदाच विमानात बसणार होती, आणि तीही एकटी. त्यामुळे आठवडाभर आधीच घरात तयारी सुरू झाली.

मी रीतसर शिकवणीच घेतली. ताटाला ट्रे मानून त्यात घड्याळ, मोबाईल, पर्स ठेवायला लावली. तिकिटावरचं नाव आधारशी ताडून पाहिलं. लाल तिखटाचा डबा मात्र तिला हातातल्याच पिशवीत हवा होता! मिरचीच्या गावची माणसं आम्ही. "अगं, तिखट केबिनमध्ये चालत नाही, मोठ्या बॅगेत घाल. पॉवर बँकचं उलट, ती जवळ ठेव." "बरं मास्तर," म्हणाली.

सुरतला दारावरच्या जवानाने तिचं तिकीट आणि आधार पाहिलं. बिनतिकिटाचा मी बाहेरच. काचेतून ती काउंटरवर दिसली, मग गर्दीत दिसेनाशी झाली. मी घामाघूम, सारखा मोबाईल बघतोय... चाळीस मिनिटांनी फोन आला. "झालं रे सगळं. एका आजींना ट्रेमध्ये काय ठेवायचं तेही मीच सांगितलं. तू जेवलास का?"

मी जेवलो नव्हतो. वडील गेल्यापासून तिला एकटीला कुठे जाऊच दिलं नव्हतं मी. तिच्या काळजीने की माझ्याच भीतीने, कोण जाणे.

असो. परत येताना सुरतहून नंदुरबारपर्यंत एकटीच रेल्वेने येईन म्हणतेय. मी 'हो' म्हटलंय.