मान आणि सेवा

पोळ्याच्या दिवशीं भातकुलीसारख्या वऱ्हाडी गांवीं तोरणाखालीं पहिला मान कोणाच्या बैलजोडीचा, हें वंशपरंपरेनें ठरलेलें असतें. तो सोहळा पाहतांना आम्हांस सातारा प्रांतींच्या औंधकर पंतप्रतिनिधींची आठवण होते. छत्रपति राजारामांनीं प्रतिनिधिपद जिंजीस निर्माण केलें. पुढें तें परशुराम त्रिंबकांच्या घराण्यांत वंशपरंपरागत झालें. आणि सत्ता पेशव्यांकडे गेल्यावर दरबारांत मुख्यतः मानाचेंच उरलें. परंतु त्याच घराण्यांतील भवानरावांनीं १९३९ सालीं संस्थानचा कारभार प्रजेच्या हातीं सोंपविला. राजाचा प्रतिनिधि प्रजेचा सेवक झाला! प्रभु येशूनेंहि गुरु असून शिष्यांचे पाय धुतले. विद्यार्थ्यांनो, मान वाडवडिलांकडून मिळतो. तो सार्थ करणें मात्र आपल्याच हातीं असतें.