मशालजी आणि सांगाती

पगारी माणूस आणि सांगाती यांत फरक काय? प्रश्न सोपा वाटतो, पण घरोघरी आपण त्यात गल्लत करत असतो.

माझा नातू मित्रांबरोबर 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ अमेरिकेत १९७४ साली आला. फासे, कागद आणि कल्पनाशक्ती एवढंच भांडवल. प्रत्येक जण एक वीर होतो आणि सगळे मिळून भुयारात शिरतात. जुन्या नियमांत वीरासोबतची माणसं दोन प्रकारची. एक मोलाने घेतलेला मशालजी किंवा हमाल. ठरलेलं काम, ठरलेली मजुरी. दुसरा सांगाती. तो लुटीत वाटेकरी असतो आणि वीराबरोबर स्वतःही मोठा होत जातो. १९७८ च्या नियमपुस्तकात वीराची छाप पडण्याचा गुण १८ असला, तरी सांगाती जास्तीत जास्त १५ मिळतात. मजूर मात्र पैसे असतील तितके!

हा हिशेब आपल्याला नवा नाही. मराठी फौजेत बारगीर सरकारी घोड्यावर बसे, शिलेदार स्वतःचा घोडा आणी. घोडा मेला तर बारगिराचं नुकसान सरकारचं, शिलेदाराचं मात्र त्याचं स्वतःचं. इथे भुईगावपासून जवळच असलेला वसईचा किल्ला १७३९ साली चिमाजी अप्पांनी घेतला, तो दोघांच्याही जिवावर. म्हणजे फरक शौर्याचा नव्हे. कोणी काय पणाला लावलं आणि त्याला वाटा काय मिळणार, याचा.

परवा नातवाचा मशालजी राक्षस पाहून पळाला. नातू चिडला, "आजी, गद्दार निघाला!" मी विचारलं, "त्याला देत काय होतास?" म्हणाला, "रोजची मजुरी." मग गद्दारी कसली? उजेड धरण्याचे पैसे घेतले होते त्याने, मरण्याचे नव्हे.

तुम्ही म्हणाल, शिवा काशीदचं काय? व्यवसायाने न्हावी, पण १६६० साली पन्हाळ्याहून निघताना शिवाजी महाराजांचा वेष घेऊन तो शत्रूच्या हाती गेला, असं परंपरा सांगते. खरंच आहे. पण असं देणं ज्याचं त्याने द्यायचं असतं. मजुरी देणाऱ्याला ते मागता येत नाही.

आपण नेमकं तेच मागतो. वाडीत शिंपणं करणाऱ्या गड्याला, घरात भांडी घासणाऱ्या बाईला "आमच्या घरचीच" म्हणतो. सणाला थांबावं, दुखणं अंगावर काढून यावं, ही अपेक्षा घरच्यासारखी. पगारवाढ आणि सुट्टीचा विषय निघाला की मात्र ती परकी! सांगात्याची निष्ठा हवी, पण वाटा मजुराचा.

घरचं म्हणायचं असेल तर वाटा द्यावा. ते जमत नसेल तर वेळेवर चोख पगार द्यावा, हक्काची रजा द्यावी आणि ती संध्याकाळी घरी निघाली की खुशाल जाऊ द्यावं. त्यातही मान आहे, दोघांचाही.