अब्बांचं मशीन

मरहूम अब्बांचं दौंडचं घर आवरायला आम्ही दोघं भाऊ शिरूरहून गेलो, तेव्हा भंगारवाला दारात उभाच होता. पत्र्याच्या पेट्या, तांब्याचा बंब, मोडकी सायकल असं एकेक बघत तो ओसरीच्या कोपऱ्यात आला. तिथल्या मशीनला त्याने पायाने ढोसलं आणि म्हणाला, "बीड आहे, किलोवर घेईन." त्याने पाय लावला ते आम्हाला आवडलं नाही. मशीन विकायचं राहिलं ते एवढ्यावरूनच. दुसरं काही थोर कारण नव्हतं.

ते चामडं शिवायचं मशीन. चपला-बूट दुरुस्त करणाऱ्यांकडे असतं तसं, सिंगर कंपनीचं, २९ के. यातला 'के' म्हणजे किलबोवी. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळ क्लाइडबँक नावाचं गाव आहे, तिथे या कंपनीचा प्रचंड कारखाना होता. १८८५ च्या सुमाराला तो सुरू झाला आणि १९८० मध्ये बंद पडला. कारखाना गेला, पण त्याच्यासाठी केलेल्या रेल्वे स्टेशनचं नाव आजही 'सिंगर' आहे. रेल्वेच्या गावात वाढल्यामुळे आम्हाला या गोष्टीचं फार कौतुक. अब्बांच्या मशीनच्या नंबरापुढे 'वाय' अक्षर आहे, म्हणजे ते १९२१ ते १९३५ या काळात बनलेलं. अब्बांनी ते पुण्यात जुनंच विकत घेतलं होतं.

दौंड जंक्शनबाहेर टांगे उभे राहायचे त्या काळात अब्बा लगाम आणि पट्टे शिवत. टांगे गेले, मग बॅगा, कमरेचे पट्टे, कॅम्पातल्या जवानांचे बूट, शाळेची दप्तरं. जे समोर येईल ते. शेवटची सात-आठ वर्षं डोळ्यांनी साथ दिली नाही आणि मशीन ओसरीत उभं राहिलं, तसंच गंजलं.

आमच्यातला धाकटा शिरूरला मोटारसायकलच्या सीटची कव्हरं शिवतो. त्याचा हिशेब असा की हे चालू झालं तर चामड्याचंही काम घेता येईल. थोरला शाळेत शिकवतो. त्याला सुट्टीत काहीतरी हवंच असतं. न्हावरा-चौफुला रस्त्याने टेम्पोत घालून मशीन शिरूरला आणलं. बहिणीला, आपाला, फोनवर नुसतं सांगितलं, "मशीन आम्ही नेतोय." ती "बरं" म्हणाली. ती दौंडातच, अब्बांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहते.

शिरूर म्हणजे जुनं घोडनदी, इंग्रजांच्या घोडदळाच्या छावणीचं गाव. पण आज चामड्याच्या मशीनचा कारागीर शोधायला निघालो तर एक मिळेना. घरगुती मशीन दुरुस्त करणारे दोघं येऊन बघून गेले. एकाने सांगितलं, आतला गिअर गेलाय. दुसरा म्हणाला, संपलं, शोभेला ठेवा. मग आम्हीच बसलो.

चाक जागचं हलत नव्हतं. इथे पहिली चूक सगळे करतात ती म्हणजे हातोडा. बीड वाकत नाही, सरळ तडकतं, आणि मग काही उपाय राहत नाही. धाकट्याला एवढं माहीत होतं. आम्ही प्रत्येक भोकात रॉकेल सोडलं आणि दोन दिवस हात लावला नाही. गंजाने जेवढं अडलं होतं त्यापेक्षा जुन्या तेलाने जास्त अडलं होतं. वर्षानुवर्षांचं तेल वाळून डिंकासारखं घट्ट होतं. तिसऱ्या दिवशी घरातला केस वाळवायचा ड्रायर लावून सांधे गरम केले (ड्रायरच्या मालकिणीला हे नंतर कळलं), पुन्हा रॉकेल, पुन्हा थांबणं. पाचव्या दिवशी अस्रच्या सुमाराला चाक बोटभर सरकलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग चाक मागे-पुढे करत करत पूर्ण फिरायला आणखी दोन दिवस लागले.

या मशीनची गंमत अशी की खाली कापड ओढणारे दातेच नाहीत. वरून दाबणारा पायच चामडं पुढे ढकलतो, आणि तो पाय चौफेर फिरवता येतो. बुटाच्या टोकात, बॅगेच्या कोपऱ्यात काम घुसवलं की ते वळवायला जागा नसते. मग काम तसंच ठेवायचं आणि शिवायची दिशा बदलायची. त्यासाठी दोरा वरच्या दांड्याच्या पोकळीतून खाली उतरवावा लागतो आणि त्याला एक लांब, टोकाला आकडी असलेली तार लागते. ती तार हरवली होती. आम्ही सायकलच्या ब्रेकच्या केबलमधला एक धागा काढून, वाकवून काम भागवलं.

मशीन फिरलं, पण शिवेना. दहा टाके घातले की तीन सुटायचे. दोरा बदलला, मेण लावलं, टेन्शनचा स्क्रू पिळला, सैल केला. पायाचा दाब कमी असला की वर जाणाऱ्या सुईबरोबर चामडंही उचललं जातं आणि टाका सुटतो, म्हणून दाब वाढवला. दोन सुटायला लागले. महिनाभर आम्ही दोघं या दोन टाक्यांवरून एकमेकांशी भांडत होतो. खर्च मात्र वहीत लिहीत होतो. तेल, स्क्रू, बॉबिन, पट्टा, पुण्याच्या दोन फेऱ्या.

याच महिन्यात आणखी एक कागद आमच्या कपाटात होता. अब्बांच्या घराचं हक्कसोडपत्र, टाइप करून तयार. बहिणी सही करतात, अशीच रीत आम्ही आजूबाजूला बघत आलो. आपा कधी मागायची नाही, म्हणजे तिला नको आहे, असं आम्ही धरून चाललो होतो. आमच्यातला थोरला मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतो. सूरह निसामध्ये माल थोडा असो की पुष्कळ, त्यात बाईचाही वाटा ठरवून दिला आहे, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही.

मे महिन्यात आपा दोन दिवसांसाठी शिरूरला आली. सहीचं कसं काढायचं, याचा आम्ही आदल्या रात्री विचार केला होता. ती आली, पाणी प्याली आणि पडवीत मशीनसमोर जाऊन उभी राहिली. आम्ही चालवून दाखवलं. तिने टाके बघितले, चष्मा लावला, वाकली.

"ये सुई किसकी डाले रे तुम?"

सुई धाकट्याच्या कव्हरांच्या मशीनची होती. दिसायला जवळजवळ तशीच, दांडीत बसतही होती. आपा म्हणाली, "अब्बांच्या डबीत एक सुई वेगळी ठेवलेली असायची, नमुन्याला. पुण्याला जाणाऱ्याबरोबर तीच पाठवायचे, दुकानदाराने दुसरी गळ्यात मारू नये म्हणून." डबी आमच्याकडेच होती, बटणं आणि खिळ्यांसकट. नमुना त्यात निघाला. दोन्ही सुया शेजारी धरल्या तर नाकाच्या जागेत फरक.

सगळी गोम तिथेच होती. सुई खाली जाऊन जराशी वर येते तेव्हा नाकापाशी दोऱ्याचा छोटा फुगा होतो, आणि शटलची चोच त्या फुग्यातून जाते तेव्हा टाका पडतो. नाक वर-खाली झालं की फुगा एकीकडे, चोच दुसरीकडे. या मशीनची सुई २९ बाय ३ या नंबराने मागतात. चामड्यासाठी धारेच्या टोकाची घ्यावी लागते, कापडाची गोल टोकाची चामड्यात अडते. धाकटा दुसऱ्या दिवशी नमुना घेऊन पुण्याला बोहरी आळीत गेला आणि संध्याकाळी पाकीट घेऊन आला.

तोवर आपाने शटल काढलं होतं. दोऱ्याला धरून ते लोंबकळत ठेवलं आणि हाताला हलका झटका दिला. ते भसकन खाली आलं. "सैल आहे," म्हणाली आणि बारका स्क्रू किंचित पिळला. पुन्हा झटका, आता ते बोटभर उतरून थांबलं. आम्ही विचारलं, तुला हे कुणी शिकवलं? तिने आमच्याकडे बघितलं, तशी ती क्वचितच बघते. "चाक कोण फिरवायचं मग?"

खरंच की. अब्बांना दोन्ही हात चामड्याला हवे असत. नाजूक जागी टाका टाका मोजून शिवायचा असला की पायटा चालत नाही, हातानेच चाक फिरवावं लागतं. शाळेतून आली की आपा मुठीला बसायची. आम्ही दोघं तेव्हा मैदानावर असायचो. सातवीनंतर तिची शाळा सुटली, तिने पुढे तीन वर्षं चाक फिरवलं, लग्न होईपर्यंत. आमची पुस्तकं, थोरल्याचं बी.एड., हे त्या ओसरीतल्या कमाईतूनच झालेलं.

नवी सुई घालून आपाने चाक फिरवलं आणि धाकट्याने पट्टा धरला. एकही टाका सुटला नाही. कुणी काही बोललं नाही. मग तिनेच, चाक पुसता पुसता, विचारलं, "याचे पाच वाटे कसे करणार रे?"

टोमणा नव्हता तो. अम्मी आधीच गेलेली. दोन भावांचे दोन-दोन, बहिणीचा एक, असे पाच. ती फक्त मशीनबद्दल विचारत होती. पण कपाटातला कागद आम्हाला आठवला आणि त्या रात्री जेवण गेलं नाही. रात्री आमच्या दोघांत फार बोलणं झालं नाही. धाकटा एवढंच म्हणाला, "भाई, तो मसुदा फाडू."

पुढचं थोडक्यात सांगतो. अब्बांचं किरकोळ देणं होतं, ते आधी फेडलं. घराची किंमत दोन जाणत्यांकडून ठरवली, पाचवा हिस्सा आपाचा काढला. तिने पैशांऐवजी ओसरीची खोली मागितली. तिची किंमत जवळपास तेवढीच भरत होती, म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयात तसे कागद केले. मशीनमधले आमचे चार वाटे आम्ही तिला हिबा केले. ते तिने घेतले, पण दुरुस्तीची वही मागून घेतली. बेरीज ४,३४० रुपये. "माझ्याही मालाची दुरुस्ती केलीत ना," म्हणत तिने ८६८ रुपये मोजून पुढे ठेवले. आम्ही खूप नको म्हटलं. ती ऐकणारी नव्हतीच. ते पैसे अजून त्याच वहीत आहेत.

धाकट्याचं नुकसान झालं, हे खरं. चामड्याचं काम आता तो घेऊन दौंडला पाठवतो.

मशीन पूर्ण बरं झालेलं नाही. पायाला ढकलणारे भाग इतक्या वर्षांत झिजले आहेत, त्यामुळे सरळ शिवताना टाका नीट पडतो आणि पाय डावीकडे वळवला की बारीक होतो. काल आपाचा फोन होता. शाळा सुरू व्हायच्या आत चौदा दप्तरं द्यायची आहेत आणि डाव्या कोपऱ्यात टाके एकावर एक बसताहेत. धाकट्याने पितळेची एक पातळ चकती घासून ठेवली आहे. रविवारी सकाळच्या एसटीने आम्ही दौंडला निघतो आहोत.