जळता जळता वाचलेली कविता

दोस्तांनो, दप्तर ठेवलंत? मग ॲटलास काढा आणि युरोपच्या पानावर लंडन शोधा. आज आपण तिथे फेरफटका मारणार आहोत, तोही बसल्या जागी. ना तिकीट, ना व्हिसा! अट एकच, डोळ्यांपेक्षा कान जास्त उघडे ठेवायचे.

थेम्स नदीकाठी वेस्टमिन्स्टरला उतरलो की घड्याळाच्या घंटेचा आवाज येतो. घंटेचं वजन साडेतेरा टनांहून जास्त आणि नाव काय, तर 'बिग बेन'! शेजारून लाल बस जाते, 'डबल-डेकर'. मुंबईकरांना ती वेगळी सांगायला नकोच. ब-ब, ड-ड. ऐकलंत ना? मराठीच्या तासाला आपण याला अनुप्रास म्हणतो. इंग्रजीत म्हणतात 'अलिटरेशन'. फरक एवढाच, की आपला अनुप्रास शब्दात कुठेही साधतो, पण अलिटरेशनमध्ये महत्त्व असतं ते सुरुवातीच्या, जोर देऊन उच्चारलेल्या ध्वनीला.

आता वेस्टमिन्स्टर ॲबेत शिरूया. जेफ्री चॉसर हा थोर इंग्रजी कवी १४०० मध्ये वारला, त्याला इथेच पुरलं. तो यमक जुळवून लिहायचा. पण त्याच्याआधी शेकडो वर्षं इंग्रजी कवितेत यमकाची सक्ती नव्हती. मग ओळ बांधायची कशाने? अलिटरेशनने! प्रत्येक ओळीचे दोन तुकडे. त्यांत जोर द्यायच्या चार जागा. तिसऱ्या जागेचा ध्वनी पहिल्या किंवा दुसऱ्या जागेशी जुळलाच पाहिजे. दोन्हींशी जुळला तर फारच छान. कापडाचे दोन तुकडे टाका घालून जोडतो ना, अगदी तसं. म्हणजे आपण ज्याला कवितेचा दागिना समजतो, तो तिथे शिवणीचा दोराच होता. त्या काळी कविता वाचण्यापेक्षा ऐकल्याच जास्त जायच्या, त्यामुळे हा दोरा पाठांतरालाही उपयोगी पडायचा.

ॲबेच्या मागे एक जुनी इमारत आहे, ॲशबर्नहॅम हाउस. रॉबर्ट कॉटन नावाच्या गृहस्थाने जमवलेली जुनी हस्तलिखितं इथे ठेवली होती. २३ ऑक्टोबर १७३१ च्या रात्री इथे आग लागली. माणसांनी जिवाच्या आकांताने पुस्तकं खिडक्यांतून बाहेर फेकली. वाचलेल्या पुस्तकांत 'बेओवुल्फ' होतं. राक्षसाशी आणि ड्रॅगनशी लढणाऱ्या वीराची ही कथा ३,१८२ ओळींची आहे. हस्तलिखित सुमारे हजार वर्षांपूर्वीचं. आणि विचार करा, जगात त्याची तेवढी एकच जुनी प्रत! ती जळली असती, तर ती कविता कायमची गेली असती.

पानांच्या कडा मात्र होरपळल्या. पुढे त्यांचे कपटे पडू लागले आणि कपट्यांबरोबर अक्षरंही गेली. १७८७ च्या सुमारास थोर्केलिन नावाच्या आइसलँडच्या विद्वानाने तिच्या नकला करून घेतल्या. पुढे गळलेली कित्येक अक्षरं आज त्या नकलांमुळेच कळतात. १८४५ मध्ये प्रत्येक पान कागदी चौकटीत बसवलं गेलं.

हे पुस्तक आज आहे ब्रिटिश लायब्ररीत. ॲबेपासून उत्तरेला तीन-चार किलोमीटरवर लाल विटांची ही मोठी इमारत दिसते. अंगणात न्यूटनचा पुतळा वाकून बसलेला आहे. इथेच खरी गंमत कळते. एखाद्या ओळीतला शब्दच नाहीसा झाला असेल तर अभ्यासक काय करतात? ओळीत उरलेले शब्द ऐकतात. त्यांत कोणता ध्वनी पुन्हा येतोय, यावरून हरवलेल्या शब्दाची सुरुवात कशी असेल याचा माग लागतो. ज्या दोऱ्याने ओळ शिवली, तोच दोरा फाटलेलं सांधायलाही कामी येतो!

आता तुमच्या उपयोगाचं. अलिटरेशन अक्षराचं नसतं, ध्वनीचं असतं. 'सिटी' आणि 'कॅट' दोन्हींत पहिलं अक्षर सी, पण ध्वनी जुळत नाही. 'नाइफ' के ने सुरू होतो आणि 'नोट' एन ने, तरी जुळतात. स्पेलिंग बघून फसायला होतं ना? मग शब्द देवनागरीत लिहून बघा, बहुतेक वेळा लगेच उलगडा होतो. 'फोन' आणि 'फिश' दोन्ही 'फ' चे! मराठी मुलांच्या हाती ही आयती किल्ली आहे. फक्त 'व' च्या बाबतीत जपा. 'वॉटर' डब्ल्यू चा, 'व्हॅन' व्ही ची. इंग्रजी कानाला हे दोन वेगळे ध्वनी आहेत.

आणि हो, फोडणीत मोहरी किती घालायची हे आईला बरोबर कळतं. इथेही तसंच. 'द रेन रॅटल्ड ऑन द रूफ' म्हटलं की पत्र्यावरचा पाऊस ऐकू येतो. पण निबंधभर 'र' च 'र' आला, तर वाचणारा पाऊस विसरून 'र' मोजत बसेल!

या रविवारी आपल्या गावाबद्दल, गल्लीबद्दल इंग्रजीत पाच वाक्यं लिहा. अलिटरेशन फक्त एकाच वाक्यात घाला. मग ती आजीला मोठ्याने वाचून दाखवा. तिला इंग्रजी येत नसलं तरी चालेल. कोणता ध्वनी पुन्हा पुन्हा आला, एवढंच तिला विचारा. तिने बरोबर ओळखला, तर तुमचा टाका पक्का बसला म्हणून समजा.