पाठीवरचे डोळे

पौडजवळ मुळा नदीच्या काठी, मी दहाएक वर्षांचा असताना, एक पिल्लू मला सापडले. तळहाताएवढे, चपटे, भाकरीसारखे वाटोळे. ते कासव आहे यावर माझा विश्वासच बसेना. गावच्या देवळात गाभाऱ्यासमोर असलेले दगडी कासव मला ठाऊक होते आणि कासव म्हणजे कठीण पाठ, एवढीच माझी समजूत होती. या पिल्लाची पाठ मात्र ओल्या चामड्यासारखी मऊ होती. नाक इवल्या सोंडेसारखे पुढे आलेले होते आणि पाठीवर चार वर्तुळे होती, मध्ये काळी व कडेने फिकट. आजोबांनी ते न्याहाळले आणि म्हणाले, "पाठीला डोळं हायती त्याच्या. सोड पाण्यात. आई नजर लावून बसली आसंल."

आजोबा वारकरी होते. कासवी पिल्लांना पान्हा पाजीत नाही, केवळ दृष्टीने वाढवते, हा संतांचा दृष्टान्त त्यांच्या नित्याच्या बोलण्यात असे. मी पिल्लू सोडले. पडदे असलेल्या पायांनी पाणी कापीत ते तळाच्या वाळूत शिरले आणि दिसेनासे झाले.

त्याचे नाव मला पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकात भेटले : लीथचे मृदुकवची कासव. जॉन एडवर्ड ग्रे या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १८७२ मध्ये त्याचे वर्णन केले, ते पुण्याच्या नमुन्यावरून. नाव मात्र दिले गेले मुंबईतील डॉक्टर अँड्र्यू लीथ यांचे. हे कासव केवळ भारतीय द्वीपकल्पातले. गोदावरी, कृष्णा, कावेरी यांच्या खोऱ्यांत ते आढळते. आमची मुळा मुठेला, मग भीमेला आणि अखेर कृष्णेला मिळते, म्हणजे माझे पिल्लू आपल्या घरीच होते. या कासवांच्या पाठीवर खवले नसतात. आतल्या हाडांवर कातडीचेच आवरण असते आणि कडा लवचीक असतात. प्रत्येक पायाला तीन नख्या असतात. वाळूत दडून केवळ नाक वर काढून ती श्वास घेतात, शिवाय पाण्यातला प्राणवायू कातडीवाटेही शोषतात. पूर्ण वाढलेल्या लीथच्या कासवाची पाठ दोन फुटांपर्यंत भरते. वय वाढते तसे ते चार डोळे मात्र पुसट होत जातात.

पुस्तकाने आणखी एक गोष्ट सांगितली, तिने मी अस्वस्थ झालो. कासवी काठावर खळगा करून अंडी घालते, ती बुजवते आणि निघून जाते. पुन्हा फिरून पाहत नाही. त्या अंड्यांना ऊब देतो तो काठ. म्हणजे पिल्लांवर खरी नजर असते ती नदीकाठाची.

मग काठाचे काय झाले? मुळशीच्या धरणाखाली जमिनी जाऊ नयेत म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे सत्याग्रहाला उभे राहिले. तरीही धरण झाले. पूर्वेला वाहणाऱ्या मुळेचे अडवलेले पाणी आज घाट उतरून भिऱ्याच्या वीजगृहाकडे, कोकणात जाते. शेतकऱ्यांनी निदान आपले गाऱ्हाणे मांडले. काठाच्या मुक्या रहिवाशांना ते कुठून जमावे? द्वीपकल्पातल्या कितीतरी नद्यांवर धरणे, वाळूउपसा, सांडपाणी आणि मांसासाठी होणारी शिकार यांनी या कासवाची जागा आक्रसत गेली. आज जागतिक यादीत ते अतिसंकटग्रस्त गणले जाते. २०२२ मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही जवळजवळ पूर्णपणे रोखण्यात आला. नियमांनी व्यापार थांबेल, पण उपसून नेलेली वाळू परत येणार नाही.

आजोबांचे बोलणे शास्त्राला धरून नव्हते. कासवी त्या दिवशी कुठेच नजर लावून बसलेली नव्हती. पण त्या विश्वासापोटीच त्यांनी मला पिल्लू सोडायला लावले आणि त्या घटकेपुरती त्याच्यावर नजर होती ती त्यांची. आता पौडहून जाताना मी नदीकाठी थोडा वेळ थांबतो. पाण्यावर एखादे बारीकसे नाक वर येते का, ते पाहत राहतो.