बोर्ड गेला म्हणे!

बेंबळीत आमचे फॉर्म भरून देण्याचे दुकान आहे. दुकान म्हणजे काय, घराचीच पुढची खोली. एक टेबल, एक प्रिंटर, एक स्कॅनर आणि एक लॅपटॉप. आम्ही दोघे नवराबायको मिळून ते चालवतो. एकाने टाइप करायचे, दुसऱ्याने कागद तपासायचे. जून महिना आला की सकाळी सातपासून ओट्यावर माणसे बसलेली असतात. पोराचा निकाल लागलेला असतो, प्रवेशाची तारीख अंगावर आलेली असते आणि घरात जातीचा दाखला नसतो. दरवर्षी हेच.

आपल्या लोकांना दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा रहिवासाचा पुरावा लागतो, हे वाचकांना सांगायला नको. मराठवाड्यात हा पुरावा शोधणे म्हणजे निजामाच्या काळात शिरणे. आजोबांच्या नावाचा उतारा मिळाला तर तो पुष्कळदा उर्दूत असतो. मग त्याचे भाषांतर करून घ्या, त्यावर शिक्का घ्या. असा एक उतारा गल्लीतल्या एका आजींनी आमच्याकडे आणला होता. नातीला नर्सिंगला जायचे होते. कागदाच्या घड्या इतक्या जुन्या, की स्कॅन करतानाच एक कोपरा सुटून हातात आला. आजी काही बोलल्या नाहीत, तुकडा उचलून कमरेच्या पिशवीत ठेवला. म्हणजे अखंड कागद आता फक्त आमच्या लॅपटॉपात होता.

ही गोष्ट २०२४ च्या जूनमधली. त्याच आठवड्यात लॅपटॉप बंद पडला.

हा लॅपटॉप साधा नव्हे, दणकट जातीचा. पॅनासॉनिकने १९९६ साली ‘टफबुक’ नावाने असले यंत्र आणले आणि पुढे इतर कंपन्यांनीही काढले. पोलीस, लष्कर, मोजणीवाले, उघड्यावर काम करणारे लोक ते वापरतात. आमचा कोणत्या कंपनीचा हे सांगण्याचे कारण नाही. पवनचक्क्यांचे काम घेणारा एक ठेकेदार जुने सामान काढत होता, त्याच्याकडून २०२१ मध्ये तो आम्ही चौदा हजारांना घेतला. वजन साडेतीन किलो. वरचे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे, प्रत्येक भोकाला रबरी झाकण, आतून रबराची किनार. अमेरिकी लष्कराची ‘मिल-स्टँडर्ड ८१०’ नावाची चाचणी आहे. तीत वस्तू चार फुटांवरून सव्वीस वेळा प्लायवूडवर आपटतात. आम्ही हे गिऱ्हाइकांना मोठ्या ऐटीत सांगायचो. त्या सव्वीस आपट्या पाच नगांत वाटून घेण्याची मुभा असते, हे आम्हाला नंतर कळले!

एप्रिलमध्ये तो मोटारसायकलवरून पडला होता. एक रबरी झाकण फाटले, बाकी काही झाले नाही. निदान आम्हाला तसे वाटले. जूनच्या त्या रात्री पाऊस झाला, लाईट चार-पाच वेळा गेली-आली. सकाळी बटन दाबले तर ना दिवा, ना आवाज.

आता आमची चूक सांगतो. आमची थोरली मुलगी आयटीआयमध्ये दोन वर्षे ‘इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक’ शिकलेली आहे. घरातच मागच्या खोलीत मोबाईल दुरुस्त करते. तिची हत्यारे आमच्या टेबलापासून दहा पावलांवर. ती म्हणाली, “पप्पा, मी बघू का उघडून?” आणि आम्ही दोघेही एकाच वेळी म्हणालो, “नको, हे मोठं यंत्र आहे.” एस.टी.ने जिल्ह्याच्या गावाला गेलो. तिथल्या दुकानात दहा मिनिटे ठेवून घेतला, तपासणीचे तीनशे रुपये घेतले आणि सांगितले, “बोर्ड गेलाय. मदरबोर्ड. या मॉडेलचा इकडं मिळत नाही, मागवावा लागंल. बावीस हजार. अन् आतला डाटा राहील का नाही सांगता येत नाही.”

बावीस हजार! यंत्र चौदाचे. परत येताना आम्ही एकमेकांशी बोललो नाही. आजींना काय सांगायचे, एवढेच डोक्यात.

पोरीने सगळे ऐकून घेतले आणि पहिल्यांदा काय केले, तर लॅपटॉपच्या कडेचे दार उघडून डिस्क ओढून काढली. शेजारच्या पोराचा कॉम्प्युटर आणला, एका केबलने डिस्क त्याला जोडली. पाच मिनिटांत उताऱ्याचे स्कॅन पडद्यावर! “आई, कागद डिस्कमध्ये असतात, बोर्डमध्ये नसतात. बोर्ड मेला म्हणून डिस्क मरत नाही.” हे वाचकांनीही लक्षात ठेवावे. डिस्कला आतून कुलूप, म्हणजे एन्क्रिप्शन, लावलेले असेल तर मात्र त्याची चावी लागते. ती वेळीच लिहून ठेवावी. आमच्या डिस्कला कुलूप नव्हते. ते बरे की वाईट, हा वेगळा प्रश्न, कारण लोकांचे कागद आमच्याकडे असतात.

आजींचे काम निभावले. पण शेजाऱ्याचा कॉम्प्युटर रोज कोण देणार? तेव्हा संध्याकाळी दुकान बंद करून लॅपटॉप टेबलावर घेतला.

तिने आधी अडॅप्टर मीटरवर लावला. १९ व्होल्ट, चोख. मग त्याची पिन लॅपटॉपात घातली, तर अडॅप्टरचा हिरवा दिवा विझला. पिन काढली, थोड्या वेळाने दिवा परत आला. “बघा पप्पा, हा मेलेला नाही. आत कुठंतरी शॉर्ट आहे, म्हणून अडॅप्टर स्वतःला वाचवतोय.” जिल्ह्याच्या गावातल्या माणसाला हे दिसले नसेल का? असेल. पण बोर्ड बदलण्यात पैसा जास्त आणि शोधण्यात वेळ जास्त.

उघडायला दीड तास लागला. स्क्रूच स्क्रू! ते सांभाळायचे काम आमच्याकडे आले. मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या रिकाम्या केल्या, पुठ्ठ्यावर लॅपटॉपचे चित्र काढून कुठला स्क्रू कुठला ते लिहिले. आखूड जागी लांब स्क्रू गेला तर तो बोर्डात घुसतो, म्हणून ही काळजी. आत फाटक्या झाकणाच्या बाजूला हिरवट डाग दिसले. रबराची किनार पाणी बाहेर ठेवते. पण एकदा का ओल आत शिरली, की तीच किनार तिला बाहेर पडू देत नाही.

चार्जिंगचे सॉकेट वेगळ्या छोट्या पट्टीवर होते. त्याची वायर बोर्डापासून सोडवून अडॅप्टर लावला, दिवा विझला नाही. म्हणजे सॉकेट चांगले, दोष बोर्डावर. बॅटरी काढलेलीच होती. मीटरचे एक टोक विजेच्या मुख्य वाटेवर, एक जमिनीवर (त्यांच्या भाषेत ‘ग्राउंड’) ठेवले, तर अर्धा ओहमसुद्धा नाही. वीज सरळ जमिनीत जात होती. पण त्या वाटेवर एकसारखे वीस-पंचवीस कपॅसिटर, तिळाएवढे, तपकिरी. एकजण फुटला तरी मीटरला सगळेच फुटल्यासारखे दिसतात. बोर्डाचा नकाशा असता तर सोपे झाले असते. तो कंपन्या देत नाहीत. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल काढले खरे, आमच्या टेबलावर मात्र नकाशा नव्हता.

मग तिने जे केले ते आम्ही श्वास रोखून पाहिले. मोबाईल दुरुस्तीचा छोटा पॉवर सप्लाय घेतला, फक्त एक व्होल्टवर ठेवला, करंटला मर्यादा घातली आणि त्या वाटेत सोडला. वरून कापसाने आयसोप्रोपाइल अल्कोहोल फासले. फुटलेल्या कपॅसिटरमधूनच वीज वाहणार, म्हणून तोच तापणार, आणि त्याच्यावरचे अल्कोहोल आधी उडणार. आम्ही चष्मे लावून वाकलो. ओल्या बोर्डावर एका कोपऱ्यात एक कोरडा ठिपका पडला. “तो बघ!” आमच्यातले कोण ओरडले, ते आता आठवत नाही.

सापडला, पण निघेना. हल्लीच्या बोर्डांना शिसे नसलेली कल्हई असते. ती सुमारे २१७ अंशांना वितळते, जुनी शिश्याची १८३ ला. शिवाय बोर्डाच्या आतला तांब्याचा पत्रा सगळी उष्णता पिऊन घेतो. गरम हवेची बंदूक धरून तिचा हात थरथरू लागला, शेजारचा एक कपॅसिटर तिरका झाला. ती थांबली. पाणी प्यायली. मग शिश्याची कल्हई वरून चढवली, बोर्ड लांबून हळूहळू तापवला आणि चिमट्याने अलगद उचलला. मीटर शून्याजवळून हजारांच्या ओहमांत गेला. अडॅप्टर लावला, दिवा टिकला!

तो पडल्याने चिरला होता की लाईटच्या झटक्याने गेला, हे आम्ही विचारले. “सांगता येत नाही,” ती म्हणाली. असे कपॅसिटर बोर्ड वाकल्याने चिरतात आणि पुढे केव्हातरी शॉर्ट होतात, एवढेच तिला ठाऊक होते.

बटन दाबले. दिवा लागला, पडदा काळाच. रात्रीचा एक वाजलेला. आम्ही म्हणालो, राहू दे आता. तिने मेमरीची पट्टी काढून दाखवली. तिच्या टोकांवर तोच हिरवट थर. धाकट्याच्या दप्तरातला खोडरबर आणून टोके घासली, पट्टी परत बसवली, आणि पडदा उजळला.

खरी फजिती पुढे. सकाळी आजी नातीला घेऊन हजर, दुसरा एक कागद चढवायचा होता. एकही संकेतस्थळ उघडेना. ‘जोडणी सुरक्षित नाही’ असेच यायचे. अर्धा तास आम्ही घामाघूम. पोर आंघोळ करून आली, पडद्याच्या कोपऱ्यात पाहिले आणि हसायला लागली. घड्याळाचा सेल काढून घातल्यामुळे लॅपटॉप २०१२ सालात गेला होता. संकेतस्थळांच्या परवान्याला तारीख असते. त्याच्या हिशेबी ते परवाने अजून निघालेलेच नव्हते! तारीख दुरुस्त केली, सगळे उघडले. आजी म्हणाल्या, “लेकीनं केलं व्हय? मग बावीस हजार कशाला म्हनत हुता?” त्यांना ती किंमत कोणी सांगितली, देव जाणे. गल्लीत काही लपत नाही.

काढलेल्या कपॅसिटरच्या जागी तिने पुढच्या आठवड्यात एका भंगार बोर्डावरचा, तेवढ्याच मापाचा आणि २५ व्होल्टचा बसवला. तोपर्यंत बाकीच्यांच्या जोरावर यंत्र चालले. फाटलेल्या झाकणाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला आहे. लॅपटॉप आता पावसात नेत नाही, आणि सव्वीस आपट्यांची गोष्टही कोणाला सांगत नाही. दुकानाच्या पाटीवर ‘फॉर्म भरून मिळतील’ याच्या खाली एक ओळ वाढवायची आहे. रंगवणारा दोनदा येतो म्हणाला, अजून आलेला नाही.